मोठ्या माशाला बक्षीस नको!

मित्रांनो, यंदाच्या गॅदरिंगसाठी होस्टेलच्या पोरांनी ज्या स्पर्धा सुचवल्या आहेत, त्यात कॅरम आणि बॉक्स क्रिकेटच्या खाली एक नवीन नाव आहे. फिशिंग कॉम्पिटिशन, डहाणू खाडी, सर्वात मोठ्या माशाला बक्षीस. कल्पना झकास आहे. मी स्वतः डहाणूचा, त्यामुळे मला तर आनंदच व्हायला हवा. पण त्यातल्या शेवटच्या चार शब्दांना माझा सक्त विरोध आहे आणि तो का आहे हे सांगण्यासाठीच हा लेख. (माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाचं काम संपादक मंडळाकडे!)

आधी आपली पोरं नेमकं काय करतात ते सांगतो, कारण स्टाफपैकी बऱ्याच जणांना वाटतं की रविवारी खाडीवर जाणं म्हणजे निव्वळ टाइमपास. ऑनलाइन मागवलेला सात फुटी रॉड, स्पिनिंग रीळ आणि रबरासारख्या मऊ माशांचं एक पाकीट एवढा सरंजाम. ह्या मऊ माशाला सॉफ्ट प्लॅस्टिक जर्कबेट म्हणतात. सगळे व्हिडिओ अमेरिकेतले, आणि त्यात दिसणारा मासा म्हणजे बास. आता हा लार्जमाउथ बास तिकडच्या गोड्या तळ्यांतला. आपल्या खाडीत तो शोधत बसाल तर सहा केट्या सुटतील, पण बास मिळणार नाही. आपल्याकडे त्या वृत्तीचा मासा आहे जिताडा. इंग्रजीत त्याला एशियन सी बास म्हणतात, ऑस्ट्रेलियात बारामुंडी. दोघांचं कूळ वेगळं, पण शिकारीची पद्धत सारखी. दोघेही आडोशाला दबा धरून बसतात, भक्ष्य जवळ आलं की भला मोठा जबडा उघडतात आणि पाण्यासकट आत ओढतात. म्हणून बाससाठी बनवलेलं आमिष जिताड्यालाही चालतं.

प्लॅस्टिकचं आमिष काही कालचं नाही. अमेरिकेत ओहायोमधल्या अॅक्रन गावी निक क्रीम नावाच्या माणसाने 1949 मध्ये प्लॅस्टिकचा गांडूळ विकायला काढला. जर्कबेटचा सरळसोट, शेपटी न हलवणारा प्रकार 1980 च्या दशकाच्या शेवटी हर्ब रीड यांच्या 'स्लग-गो'मुळे लोकप्रिय झाला. मटेरियल म्हणजे प्लॅस्टिसॉल, अर्थात पीव्हीसीमध्ये प्लॅस्टिसायझर मिसळलेला पातळ रस. तो तापवून साच्यात ओततात. काही जण त्यात मीठही घालतात, म्हणजे वजन वाढतं, फेक लांब जाते आणि आमिष संथपणे बुडतं. केमिकलवाल्यांनो, व्हायव्हासाठी लक्षात ठेवा.

ह्या आमिषाची गंमत अशी की ते स्वतःहून काहीच करत नाही. बाकीच्या आमिषांना पातं असतं, ओठ असतो, वळवळणारी शेपटी असते. नुसतं रीळ फिरवलं तरी ती नाचतात. हे मात्र तुम्ही ओढलंत तर काडीसारखं सरळ येतं. जीव घालायचा तो तुमच्या मनगटाने.

गळ लावणं हीच अर्धी लढाई. दहा-बारा सेंटीमीटरच्या आमिषाला रुंद पोटाचा, मानेजवळ मुरड असलेला 4/0 किंवा 5/0 नंबरचा एकच गळ लावायचा. टोक नाकातून सेंटीमीटरभर आत घालून हनुवटीखालून बाहेर काढायचं, गळ पुढे सरकवून मुरड नाकात बसवायची, मग गळ उलटा फिरवून टोक पोटातून पाठीकडे न्यायचं आणि पाठीच्या कातडीत जेमतेम लपवायचं. असं केलं की तिवरांच्या मुळांत ते अडकत नाही. आमिष बाणासारखं सरळ बसलं पाहिजे. थोडं जरी वाकडं बसलं तरी ते पाण्यात गरगर फिरतं, दोरीला पीळ पडतो आणि जिताडा ढुंकूनही बघत नाही. वजन लावायचं नाही, फार तर ओढ जास्त असेल तर गळाच्या पोटाला थोडी शिशाची तार. मुख्य दोरी विणलेली, पण शेवटचा हात-दीड हात जाड मोनोफिलामेंट हवा. जिताड्याला कापणारे दात नसतात, पण कल्ल्यांच्या झाकणाची कड ब्लेडसारखी असते. मासा तोंडातून सोडवताना बोटंसुद्धा तिथे घालू नका.

मग तिवरांच्या कडेला फेकायचं आणि बुडू द्यायचं. रॉडचं टोक पाण्याकडे ठेवून मनगटाने दोन छोटे झटके द्यायचे आणि लगेच दोरी ढिली सोडायची. ढिली हा शब्द अधोरेखित करा! झटका ताणलेल्या दोरीवर दिला तर आमिष फक्त पुढे सरकतं. ढिल्या दोरीवर दिला तर ते एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे सटकतं आणि मग मरायला टेकलेल्या बोयासारखं कलंडत खाली जातं. त्यानंतर काहीच करायचं नाही. मनात पाच आकडे मोजायचे. आपल्या पोरांना हे पाच आकडे जमत नाहीत. सबमिशनच्या आदल्या रात्री असतो तसा एक अस्वस्थपणा हातात असतो आणि ते रीळ फिरवत सुटतात. जिताडा घेतो तो बहुतेक वेळा ह्या थांबलेल्या क्षणीच. हाताला काही कळायच्या आधी दोरी बाजूला सरकताना दिसते, म्हणून नजर दोरीवर हवी. दोरी सरकली की ढिलेपणा पटकन गुंडाळून, वजन जाणवलं की मगच जोरात उचल. मासा हवेत उडी मारायला लागला तर रॉडचं टोक खाली न्यायचं.

कुठे आणि कधी, हे मात्र व्हिडिओतून कळणार नाही. तिकडच्या तळ्याला भरती-ओहोटी नसते. आपल्याकडे उधाणाला पाणी काही मीटर चढतं-उतरतं आणि खाडीचा चहा होतो, दूध जास्त झालेला. अशा पाण्यात आवाज न करणारं जर्कबेट म्हणजे अंधारात खाणाखुणा करण्यासारखं. भांगाच्या दिवसांत ओढ कमी असते, गाळ खाली बसतो आणि माशाला दिसतं. ते दिवस ह्या आमिषाचे. वेळ ओहोटीचा दुसरा अर्धा भाग, जेव्हा तिवरांच्या आतलं पाणी छोट्या छोट्या नाळांतून खाडीत उतरतं आणि त्याबरोबर बोय, कोळंबी बाहेर पडतात. नाळेच्या तोंडाशी जिताडा उभा असतो, मेसच्या दारात आपण उभे असतो तसा. डहाणू खाडीलाही हेच आणि तलासरी तालुक्याला समुद्राचा जो एवढासा तुकडा मिळालाय त्या झाईलाही हेच. फक्त चिखलात उतरू नका आणि भरती सुरू झाली की मागची वाट भरते, हे ध्यानात ठेवा.

इथे प्रामाणिकपणे एक सांगितलं पाहिजे. शेजारी बसलेले काका साध्या दोरीला गरी बांधून, तिला जिवंत कोळंबी लावून गरवत असतील, तर मासा बहुधा त्यांनाच मिळतो. प्लॅस्टिक जिवंत कोळंबीपेक्षा सरस आहे असा दावा मी करणार नाही. मग ते का वापरायचं? माझ्या मते दोन कारणं आहेत. एक, आमिष सतत हालतं ठेवलेलं असल्याने गळ बहुतेक वेळा ओठात लागतो, पोटात गिळला जात नाही. कोळंबी मात्र मासा शांतपणे गिळून बसतो. दोन, गळ एकच आहे. कडक प्लॅस्टिकच्या आमिषांना दोन-दोन, तीन-तीन तोंडी गळ लटकत असतात. एकच गळ, तोही पक्कडने उलटा काटा दाबून टाकलेला, म्हणजे मासा धड सोडता येतो. आणि सोडता येणं, हाच तर माझा मुद्दा आहे.

जिताडा जन्मतः बहुतेक करून नर असतो. तीन-चार वर्षांचा होईपर्यंत तो नर म्हणून वयात येतो, आणि पुढे काही वर्षांनी त्याच माशाची मादी होते! ऑस्ट्रेलियातल्या अभ्यासांत हा बदल साधारण 80 ते 100 सेंटीमीटर लांबीच्या सुमारास होताना आढळला आहे. म्हणजे 'सर्वात मोठा मासा' म्हणून ज्याचा फोटो निघतो तो जवळपास नेहमी मादी असतो. तीही साधीसुधी नाही, एका हंगामात लाखो अंडी देणारी. पावसाळ्याच्या तोंडाला ह्या माद्या खाडीच्या मुखाकडे अंडी घालायला उतरतात आणि पिल्लं पुन्हा तिवरांत, गोड्या पाण्याच्या ओहोळांत वाढायला जातात. आपण स्पर्धा ठेवून बक्षीस कशाला लावतोय? नेमकं ह्या माद्यांवर.

छोटा मासा सोडावा हे सगळ्यांना पटतं. महाराष्ट्रानेही 2023 मध्ये बऱ्याच माशांसाठी पकडण्याचा किमान आकार ठरवून दिला. मोठा सोडावा, हे मात्र कोणाच्या गळी उतरत नाही. ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँड राज्यात बारामुंडीला दोन्ही बाजूंनी कुंपण आहे. 58 सेंटीमीटरच्या खालचा ठेवायचा नाही आणि 120 च्या वरचाही ठेवायचा नाही. हेच आकडे आपल्याला लागू होतील असं नाही. तत्त्व घ्या, आकडा आपण आपला ठरवू. मी म्हणेन, साठच्या खाली आणि ऐंशीच्या वर सगळे परत पाण्यात. मधला एखादा ठेवा, बनवा, खा. मी काही शाकाहाराचा प्रचार करत नाहीये. रायगडात पेण-अलिबागकडे तर लोक जिताडा तळ्यात पाळतात, तो काय बघायला?

तेव्हा स्पर्धा घ्यायचीच असेल तर वजनकाटा आणू नका, मोजपट्टी आणा. मासा ओल्या हातांनी धरायचा, पोटाखाली आधार द्यायचा, ओल्या पट्टीवर मोजायचा, एक फोटो आणि लगेच पाण्यात. नुसता जबड्याला धरून उभा लटकवलेला मोठा मासा पोहत गेलेला दिसला तरी आतून दुखावलेला असू शकतो. गुण लांबीला नकोत, जिवंत सोडलेल्या माशांच्या संख्येला द्या. आणि जून-जुलैत स्पर्धा अजिबात नको. त्या दिवसांत यांत्रिक बोटींनासुद्धा बंदी असते, मग आपणच काय ते मोठे लागून गेलो?

काही मित्र म्हणतील, जिथे वाढवण बंदर होतंय तिथे तू एका माशाचं काय घेऊन बसलास? प्रश्न रास्त आहे. जून 2024 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने 76,220 कोटी रुपयांच्या त्या प्रकल्पाला मंजुरी दिली, 30 ऑगस्ट 2024 ला पालघरमध्ये भूमिपूजन झालं, आणि किनाऱ्यावरच्या मच्छीमारांचा विरोध त्याच्या कितीतरी आधीपासूनचा आहे. 1991 मध्ये डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर झाला तो ह्याच खाड्या, तिवरं आणि वाड्यांच्या भरवशावर. बंदराबद्दल आपल्या होस्टेलमध्येच दोन तट आहेत, सिव्हिलवाल्यांना त्यात नोकऱ्या दिसतात, त्यावर वेगळा लेख लिहावा लागेल. पण खाडीवर एक मोठं ओझं येतंय म्हणून आपण आपलं छोटं ओझंही टाकावं, हे गणित मला एम-थ्रीइतकंच अनाकलनीय वाटतं.

दुसरा आक्षेप जास्त टोचणारा आहे. ज्यांचं घर मासळीवर चालतं त्यांना तू मोठा मासा सोड म्हणशील का? नाही म्हणणार. मांगेला, वैती, कोळी घरातल्या माणसाला किंवा संध्याकाळच्या कालवणासाठी गरवणाऱ्या वारली काकांना मी काय सांगणार? त्यांना एक मोठा जिताडा म्हणजे आठवड्याचा बाजार. हा नियम आपल्यासाठी आहे, ज्यांना रात्री मेसमध्ये अंडाकरी मिळणारच आहे. आणि त्यांच्या जाळ्यांच्या, डोलीच्या जागेवर आपले रॉड घेऊन जायचं नाही. आधी विचारायचं. दापचरीजवळच्या कुर्झे धरणावर मरळ मारायला जाणाऱ्यांनाही तेच. आपल्याकडे धरणांतल्या मासेमारीचा ठेका बहुतेक ठिकाणी मच्छीमार सहकारी संस्थांकडे असतो, पाणी मोकळं दिसलं म्हणून ते मोकळं नसतं.

राहता राहिलं प्लॅस्टिक. दोन-तीन मासे लागले की हे आमिष नाकाकडून फाटतं, मग ते काढून पाण्यात भिरकावण्याची एक सहज सवय असते. हे पीव्हीसी आहे, कुजत नाही. पाण्यात पडून ते फुगतं, आणि एखाद्या माशाने गिळलं तर पोटातच राहतं. तोच मासा उद्या डहाणूच्या बाजारात पाटीवर असणार आणि कदाचित आपल्याच मेसच्या गुरुवारच्या रश्श्यात. माझ्या बॅगेत फाटक्या आमिषांसाठी गुलाबजामचा रिकामा डबा असतो. दोन फाटक्यांची टोकं मेणबत्तीवर धरून जोडली तर एक धड आमिष होतं. धूर मात्र वाईट असतो, तेव्हा हे काम खोलीत नको, गच्चीवर करा. रेक्टर सरांना आधी सांगून.