बैलगाडी, सायकल आणि पेट्रोलचा भाव

१९७३ च्या नोव्हेंबर महिन्यात पेट्रोलच्या दरवाढीचा निषेध करण्यासाठी जनसंघाचे नेते अटलबिहारी वाजपेयी बैलगाडीतून संसदेत गेले. २०२१ च्या ऑगस्ट महिन्यात त्याच कारणासाठी काँग्रेसचे नेते राहुल गांधी विरोधी खासदारांसह सायकलवरून संसदेत गेले. मधल्या अठ्ठेचाळीस वर्षांत सत्ताधारी विरोधी बाकांवर गेले, विरोधक सत्तेवर आले, आणि असे एकदा नव्हे, अनेकदा घडले. वाहन बदलले, स्वार बदलला. युक्तिवाद मात्र तोच राहिला. विरोधी बाकांवर बसलेल्याला जी भाववाढ सामान्य माणसाच्या खिशावर सरकारने घातलेली धाड वाटते, तीच भाववाढ तो सत्तेवर आला की जागतिक बाजारपेठेचा अटळ परिणाम ठरते. 'आपला तो बाब्या, दुसऱ्याचे ते कार्टे' ही म्हण आपल्या राजकारणात जितक्या निष्ठेने पाळली जाते, तितका एखादा जाहीरनामाही पाळला जात नाही.

पक्षांनी आपापली बाजू मांडावी, तीही आवेशाने मांडावी, यात गैर काही नाही. लोकशाहीत पक्ष हे वकील असतात आणि वकिलाकडून न्यायाधीशाच्या समतोलाची अपेक्षा कोणी करीत नाही. परंतु केवळ दोन वकिलांची भाषणे ऐकून खटल्याचा निकाल लागत नाही. कागदपत्रे पुढे यावी लागतात. निकाल देणारा मतदार आहे, आणि त्याच्यापुढे कागदपत्रे ठेवण्याचे काम वृत्तपत्रांचे व आता दूरचित्रवाणीचेही आहे. हे काम कितपत होते, याचा विचार पेट्रोलच्या एकाच उदाहरणावरून करावा असे वाटते.

पदवीच्या वर्गाला मी सार्वजनिक आय-व्यय हा विषय शिकवतो. एके वर्षी २०१२ आणि २०१८ या सालांतील इंधन दरवाढीवरची निवेदने मी वर्तमानपत्रांतून गोळा केली, त्यांतील नेत्यांची व पक्षांची नावे खोडली आणि कोणते निवेदन कोणत्या पक्षाचे हे ओळखायला मुलांना सांगितले. वर्गातील निम्म्याहून अधिक उत्तरे चुकली. हशा झाला. तो ओसरल्यावर मागच्या बाकावरच्या एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, पण यांपैकी खरे कोणाचे?" त्या कात्रणांच्या आधारे मला उत्तर देता आले नाही. निवेदने भरपूर होती. निवेदन तपासून पाहता येईल असा आकडा एकाही कात्रणात नव्हता.

न दिसणारा निर्णय

प्रथम काही ठोस गोष्टी लक्षात घेऊ. पेट्रोलचे दर ठरवण्याचे स्वातंत्र्य तेल कंपन्यांना २०१० च्या जूनमध्ये मिळाले आणि डिझेलचे २०१४ च्या ऑक्टोबरमध्ये. म्हणजे पंपावरचा भाव ठरवणे हा त्यानंतर कागदोपत्री तरी सरकारचा निर्णय राहिला नाही. सरकारच्या हाती राहिला तो कर. २०१४ च्या मध्यास पेट्रोलवरील केंद्राचे उत्पादन शुल्क लिटरला ९ रुपये ४८ पैसे आणि डिझेलवरील ३ रुपये ५६ पैसे होते. २०१४ चा नोव्हेंबर ते २०१६ चा जानेवारी या सव्वा वर्षात ते नऊ वेळा वाढवण्यात आले. पुढे कधी थोडी कपात, कधी थोडी वाढ होत होत २०२० च्या मे महिन्यात, एका रात्रीत, पेट्रोलवर १० आणि डिझेलवर १३ रुपयांची वाढ झाली. शुल्क अनुक्रमे ३२ रुपये ९८ पैसे आणि ३१ रुपये ८३ पैसे झाले.

आता विरोधकांनी पुकारलेल्या 'भारत बंद'च्या तारखा पाहा. ५ जुलै २०१०, ३१ मे २०१२ आणि १० सप्टेंबर २०१८. तिन्ही वेळा पंपावरचा भाव चढला होता. शुल्क नऊ वेळा वाढले तेव्हा बंद झाला नाही. १० आणि १३ रुपयांची वाढ झाली तेव्हाही झाला नाही. त्या वेळी टाळेबंदी होती हे खरे. पण २०१५ साली टाळेबंदी नव्हती. कारण अगदी साधे आहे. कर वाढत होता त्या काळात खनिज तेलाचे जागतिक दर कोसळत होते. जो स्वस्ताईचा लाभ ग्राहकाला व्हायचा, तो कराच्या रूपाने वाटेतच काढून घेतला गेला. भाव जागच्या जागी राहिला, आणि जे हलले नाही त्याकडे लक्ष जात नाही.

करवाढीच्या बातम्या छापून आल्या नाहीत असे नाही. आल्या, पण त्या अर्थविषयक पानावरच्या एखाद्या बातमीइतक्याच जगल्या. पस्तीस पैशांची दरवाढ रोज पहिल्या पानावर चौकटीत यायची, दूरचित्रवाणीचा कॅमेरा पंपावर उभा राहून स्कूटरस्वाराला "कसे वाटते?" म्हणून विचारायचा. दहा रुपयांच्या करवाढीनंतर कॅमेऱ्याला विचारायला कोणी सापडले नाही, कारण स्कूटरस्वाराने कालच्याच भावाने पेट्रोल भरले होते. आपली वृत्तपत्रे भाव छापतात, निर्णय छापत नाहीत. आणि पक्ष भांडतात तेही छापलेल्या भावावरूनच.

ही गोष्ट लहान नाही. महिन्याला वीस लिटर पेट्रोल जाळणारा एखादा कारकून २०१४ साली केंद्राला त्यापोटी सुमारे १९० रुपये देत होता. २०२० साली तो ६६० रुपये देऊ लागला. आयकराची मर्यादा हजार-दोन हजारांनी इकडे-तिकडे झाली तर तो अर्थसंकल्पाच्या दिवशी कागद-पेन्सिल घेऊन बसतो. या दरमहा ४७० रुपयांचा हिशेब मात्र त्याने कधी मांडला नाही, कारण तो त्याच्यापुढे कोणी ठेवलाच नाही.

दोन अर्धसत्ये

सत्ताधाऱ्यांचे उत्तर असे की, आधीच्या सरकारने तेल कंपन्यांना रोख अनुदान न देता रोखे दिले; त्या कर्जाचा बोजा आमच्या माथी आला, म्हणून कर कमी करता येत नाही. अर्थमंत्र्यांनी २०२१ च्या ऑगस्टमध्ये हे स्पष्ट शब्दांत सांगितले. रोखे खोटे नव्हते. सुमारे १ लाख ३० हजार कोटींचे मुद्दल शिल्लक होते आणि त्याचा मोठा भाग २०२६ पर्यंत फेडायचा होता. परंतु त्याच निवेदनानुसार सात वर्षांत या रोख्यांवर दिलेले व्याज सुमारे ७० हजार कोटी होते. याउलट पेट्रोलियम पदार्थांवरील उत्पादन शुल्कातून २०१४-१५ साली सुमारे ९९ हजार कोटी आणि २०२०-२१ या एकाच वर्षी सुमारे ३ लाख ७३ हजार कोटी रुपये केंद्राला मिळाले. मुद्दल आणि व्याज मिळून जे देणे होते, ते एका वर्षाच्या या उत्पन्नातून फिटून बरेच उरले असते. म्हणजे कारण खरे होते. पण त्या कारणात एवढे ओझे पेलण्याची ताकद नव्हती.

विरोधकांचे म्हणणे असे की, आमच्या काळात खनिज तेल पिंपाला शंभर डॉलरच्या वर असतानाही आम्ही पेट्रोल सत्तर-ऐंशी रुपयांत दिले. हेही खरे. पण ते कसे दिले? २००५ नंतरची काही वर्षे तोटा तेल कंपन्यांच्या माथी मारून आणि त्याच्या भरपाईसाठी असे रोखे देऊन, जे त्या वर्षीच्या वित्तीय तुटीत दिसतच नाहीत. ती स्वस्ताई उधारीची होती. तिचे बिल पुढच्या पिढीच्या नावावर लिहिले गेले. विरोधकांच्या निवेदनात रोखे हा शब्द नसतो, सत्ताधाऱ्यांच्या निवेदनात उत्पादन शुल्क हा शब्द नसतो. आणि दोन्ही निवेदने शेजारी-शेजारी छापून समतोल साधल्याचे समाधान संपादकाला मिळते. दोन अर्धसत्ये एकत्र केली म्हणजे पूर्ण सत्य होते, हा हिशेब अंकगणितात बसतो. वृत्तपत्राच्या पानावर बसत नाही.

एक गोष्ट येथे स्पष्ट केली पाहिजे. इंधनावर कर लावणे हे पाप आहे असे माझे मत नाही. तेलाची आयात कमी व्हावी, हवा स्वच्छ राहावी, यासाठी इंधनावर चढा कर असावा असे अर्थशास्त्राच्या दृष्टीने म्हणता येते. २०२० साली महसूल आटला होता आणि मोफत धान्यासाठी पैसा हवा होता, हेही समर्थन होऊ शकते. पण मग ते समर्थन उघडपणे करावे. संसदेत करावे आणि त्यावर वाद व्हावा. रात्री अधिसूचना काढायची आणि सकाळी जागतिक बाजारपेठेकडे बोट दाखवायचे, यात धोरण लपते आणि जबाबदारीही लपते.

जेथे भांडण होत नाही

सर्वांत बोलके ते विषय, ज्यांवर पक्ष भांडत नाहीत. २०१७ च्या जूनपासून इंधनाचे दर रोज बदलू लागले. परंतु २०१८ साली कर्नाटकच्या मतदानापूर्वी एकोणीस दिवस आणि २०२१ च्या नोव्हेंबरपासून, म्हणजे उत्तर प्रदेशच्या निवडणुकीच्या काळात, सलग १३७ दिवस ते हलले नाहीत. रोज बदलणारी बाजारपेठ मतदानाच्या वेळी अशी विश्रांती का घेते, हा प्रश्न अर्थातच विचारला गेला. पण निकाल लागताच विरून गेला.

राज्यांचेही तसेच. २०१५ च्या ऑक्टोबरमध्ये महाराष्ट्र सरकारने दुष्काळनिवारणासाठी पेट्रोल-डिझेलवर दोन रुपयांचा जादा कर काही महिन्यांपुरता म्हणून लावला. पुढच्या वर्षी पाऊस पडला. कर गेला नाही. २०१७ साली महामार्गांवरील मद्यविक्री न्यायालयाने थांबवल्यावर पेट्रोलवरचा अधिभार आणखी तीन रुपयांनी वाढला. २०२० साली सरकार दुसऱ्या आघाडीचे होते. मार्चमध्ये एक आणि जूनमध्ये दोन, असे तीन रुपये तिनेही वाढवले. २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये केंद्राने शुल्क कमी केले तेव्हा राज्याने आपला कर कमी करण्यास नकार दिला, आणि २०२२ च्या जुलैमध्ये नवे सरकार येताच पेट्रोलवर पाच व डिझेलवर तीन रुपयांची कपात झाली. खजिना तोच, दुष्काळही तोच; फक्त मंत्रालयातील पाट्या बदलल्या होत्या.

राज्याची बाजूही ऐकली पाहिजे. २०२१ च्या अर्थसंकल्पानंतर पेट्रोलवरील केंद्राच्या ३२ रुपये ९० पैशांपैकी राज्यांना वाटून द्यावयाचे मूळ शुल्क केवळ १ रुपया ४० पैसे होते. बाकी सारे उपकर आणि विशेष शुल्क. वित्त आयोगाच्या ४१ टक्के हिश्शाने सर्व राज्यांना मिळून लिटरमागे सुमारे ५७ पैसे येतात. हा पायंडाही नवा नव्हे. २०१४ साली ९ रुपये ४८ पैशांत मूळ शुल्क १ रुपया २० पैसेच होते. शिक्षकांचे पगार, अनुदानित महाविद्यालये, जिल्हा रुग्णालये ही राज्याच्या खजिन्यावर चालतात. आमच्या महाविद्यालयांत मोकळ्या झालेल्या जागा वर्षानुवर्षे तासिका तत्त्वावर भरल्या जातात, तेव्हा खजिन्यात पैसा नाही असे उत्तर मिळते. तो का नाही, याची अनेक कारणे आहेत. त्यांपैकी एक पेट्रोल पंपावर उभे आहे आणि तेथे कॅमेरा असूनही ते दिसत नाही.

आणि पेट्रोल वस्तू व सेवा कराच्या कक्षेत आणावे, ही मागणी? विरोधात असताना ती बहुतेकांनी केली आहे. केरळ उच्च न्यायालयाच्या निर्देशानंतर २०२१ च्या सप्टेंबरात लखनौच्या बैठकीत हा विषय परिषदेपुढे आला, तेव्हा ही वेळ नव्हे यावर केंद्र आणि वेगवेगळ्या पक्षांची राज्ये यांचे सहज एकमत झाले. एरवी एका व्यासपीठावर न बसणारे पक्ष कोठे एकत्र येतात हे पाहायचे असेल, तर खजिन्याच्या दारात जाऊन उभे राहावे.

चौथा रकाना

वृत्तपत्रांनी काय करावे, हे सांगण्याचा अधिकार मला वाचक म्हणूनच आहे. मागणी अवघड नाही. इंडियन ऑइलने दिलेल्या तपशिलानुसार १६ फेब्रुवारी २०२१ रोजी दिल्लीत पेट्रोल ८९ रुपये २९ पैसे होते. त्यात तेलाची मूळ किंमत ३१ रुपये ८२ पैसे, वाहतूक २८ पैसे, केंद्राचे शुल्क ३२ रुपये ९० पैसे, विक्रेत्याचे कमिशन ३ रुपये ६८ पैसे आणि राज्याचा कर २० रुपये ६१ पैसे. या पाच ओळी दरवाढीच्या प्रत्येक बातमीखाली छापल्या, तर अर्धे भांडण तेथेच संपेल. सत्ताधाऱ्यांची बाजू, विरोधकांची बाजू आणि सामान्य माणसाची प्रतिक्रिया हे तीन रकाने असतातच. हिशेबाचा हा चौथा रकाना असावा. त्यातच आणखी एक ओळ असावी: हाच नेता विरोधी बाकांवर असताना याच विषयावर काय म्हणाला होता. दुष्काळासाठी कर लागला, तर वर्षाने दुष्काळाचे काय झाले आणि कराचे काय झाले, हेही कोणीतरी लिहावे.

हे होत नाही याची कारणे वृत्तपत्रांतील लोकांना माझ्यापेक्षा अधिक ठाऊक आहेत. घाई असते, मनुष्यबळ कमी असते, आणि केंद्राची असो वा राज्याची, सरकारी जाहिरात हे उत्पन्नाचे साधन असते. पण दोष एकट्या वृत्तपत्रांचा नाही. आपण वाचकही आपल्या आवडीच्या पक्षाला सोयीचा रकाना वाचतो आणि उरलेला पुढे सरकवतो. शिक्षकांच्या खोलीत होणारे वाद मी रोज ऐकतो, तेथे आकडा उच्चारणाऱ्याला पहिला प्रश्न "आकडा बरोबर आहे का?" असा होत नाही, "तुम्ही कोणत्या बाजूचे?" असा होतो. उच्चविद्याविभूषितांच्या खोलीत ही स्थिती असेल, तर चावडीवर निराळे काही होईल अशी अपेक्षा कशी करावी?

त्या मागच्या बाकावरच्या विद्यार्थ्याला पुढच्या आठवड्यात मी वर सांगितलेल्या पाच ओळी फळ्यावर लिहून दाखवल्या. त्याने त्या वहीत उतरवून घेतल्या आणि विचारले, "हे पेपरात का येत नाही?" हा प्रश्न मी ज्यांचा आहे त्यांच्याकडे पाठवीत आहे.