करडई : निगेस मुकलेले पीक

सोलापूर जिल्ह्याची कोरडवाहू शेती ही मुख्यत्वेकरून रब्बीची शेती होय. जिल्ह्यात वर्षाकाठी पाचशे ते सहाशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि त्यातील भरवशाचा भाग सप्टेंबर महिन्यात येतो. ज्या कास्तकाराजवळ विहीर नाही, कालवा नाही, त्याचा संसार या एका महिन्याच्या ओलीवर चालतो. या ओलीवर शाळू, हरभरा आणि करडई ही तीन पिके पिढ्यान् पिढ्या घेतली जात. शाळूने भाकरी व कडबा दिला, हरभऱ्याने डाळ दिली, आणि करडईने घरचे तेल दिले. आज शाळू टिकून आहे, हरभऱ्याला बाजार लाभला आहे. करडई मात्र बांधाच्या कडेला, आणि कित्येक गावांतून तर बांधाच्याही पलीकडे गेली आहे. देशात गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकापर्यंत लाखो हेक्टरांत असलेले हे पीक आता एक लाख हेक्टरांच्याही खाली उतरले आहे.

याची कारणे सांगताना काटे, मजुरी, भाव आणि बाहेरून येणारे स्वस्त तेल यांचा उल्लेख होतो. ती कारणे खोटी नाहीत. परंतु त्यांच्या जोडीला आणखी एक कारण आहे व ते शेतकऱ्याच्या आणि त्याला सल्ला देणाऱ्या कार्यकर्त्याच्या हातातील आहे. करडई हे 'आपोआप येणारे पीक' आहे असा समज सर्वत्र रुजला. त्या समजापायी तिला उरलेली जमीन, उरलेले बी आणि उरलेला वेळ मिळत गेला. अशा पिकाने कमी उत्पन्न दिले तर दोष पिकाचा मानावा काय, याचा विचार झाला पाहिजे.

रानफूल आणि पीक

सह्याद्रीच्या पठारांवर पावसाळ्याच्या अखेरीस पिवळी चादर पसरविणारी सोनकी, मळ्यातील सूर्यफूल आणि काळ्या रानातील करडई ही एकाच कुळातील होत. सोनकीला कोणी पेरीत नाही की खुरपीत नाही. पठारावरचा पाऊस आणि धुके यांवर ती वाढते, फुलते आणि बी टाकून मरते. तिच्याकडून कोणाला उत्पन्नाची अपेक्षा नसते. करडईचे फूलही पिवळेच उमलते व सुकताना नारिंगी, तांबडे होते. पण तिच्याकडून एकरी काही क्विंटल बी हवे असते. ज्याच्याकडून धान्य घ्यावयाचे, त्याला रानफुलासारखे सोडून देता येत नाही.

करडईचे सामर्थ्य तिच्या मुळात आहे. तिचे सोटमूळ खोल जमिनीत दोन मीटरच्याही खाली जाऊ शकते आणि वरचा थर सुकल्यावरही खालची ओल वर आणते. डिसेंबरात शाळूची पाने दुपारी सुरळी होऊ लागतात तेव्हाही शेजारची करडई ताठ उभी दिसते, याचे कारण हेच. परंतु मूळ खोल जाण्यास जमीनही खोल हवी. साठ सेंटीमीटरहून अधिक खोलीची, पाण्याचा निचरा होणारी मध्यम ते भारी जमीन करडईस मानवते. मुरमाड, उथळ माळावर तिचे मूळ अडते आणि मग तिच्यात व इतर पिकांत काही अंतर उरत नाही. पाणथळ जमिनीत ती मूळकुजीस बळी पडते. तेव्हा 'कोठेही येते' हा पहिला समज टाकून द्यावा.

पेरणीची वेळ

करडईची पेरणी सप्टेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यापासून ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत उरकावी. त्याआधी पेरल्यास दमट हवेत पानांवर ठिपक्यांचा रोग पडतो. उशीर केल्यास जमिनीतील ओल उडते, उगवण विरळ होते, आणि पीक कोवळे असतानाच मावा गाठतो. शेतकरी प्रथम शाळू पेरतो, मग हरभरा, आणि सर्वांत शेवटी करडई. म्हणजे ज्या पिकाला वेळेची शिस्त हवी, त्यालाच रांगेत शेवटी उभे केले जाते. ही रांग बदलली तर एका पैशाचाही जादा खर्च न करता पीक सुधारेल.

हेक्टरी दहा किलो, म्हणजे एकरी चार किलो बी पुरे होते. पेरणीपूर्वी बियाण्यास थायरम किलोस तीन ग्रॅम या प्रमाणात चोळावे. दोन ओळींत पंचेचाळीस सेंटीमीटर अंतर ठेवावे आणि बी पाच ते सात सेंटीमीटर खोल, ओलीत पडेल असे पाहावे. कोरडवाहू पिकास हेक्टरी ५० किलो नत्र व २५ किलो स्फुरद पेरणीबरोबरच द्यावे. दोन चाड्यांच्या पाभरीने बी व खत एकाच वेळी पेरता येते आणि खत ओलीत पडते. वरून फेकलेले खत कोरड्या मातीत पडून राहते, त्याचा पिकास उपयोग होत नाही.

विरळणी : सर्वांत उपेक्षित काम

करडईच्या साऱ्या निगेत सर्वांत अधिक फळ देणारे आणि सर्वांत कमी होणारे काम विरळणीचे आहे. उगवण झाल्यावर दहा ते पंधरा दिवसांनी दोन रोपांत वीस सेंटीमीटर अंतर राखून एका ठिकाणी एकच जोमदार रोप ठेवावे. या हिशेबाने हेक्टरी सुमारे एक लाख अकरा हजार झाडे राहतात. ओळीत दाट वाढलेली करडई उंच जाते, पण तिला फांद्या कमी फुटतात. आणि करडईत फांद्या तितकी बोंडे हे सूत्र आहे. जमिनीत ओल मोजकीच असते. ती तीन झाडांत वाटली तर तिन्ही झाडे अर्धपोटी राहतात.

या कामाचा मोबदला तत्काळही मिळतो. उपटलेली कोवळी रोपे म्हणजेच करडईची भाजी. ती भाकरीबरोबर घरोघरी आवडीने खाल्ली जाते व आठवडी बाजारातही विकली जाते. ज्या घरी भाजीसाठी म्हणून रोपे काढली जातात, त्या घरच्या शेताची विरळणी न सांगता होते. एवढेच की भाजी कोठून तरी मूठभर खुडून न आणता, ओळीने अंतर पाहून काढावी.

त्यानंतर एक खुरपणी आणि दोन कोळपण्या द्याव्यात. कोळपणीने तण जाते, तसेच काळ्या जमिनीच्या भेगा बुजून आतील ओल टिकते. एखादे पाणी देण्याची सोय असल्यास ते पेरणीनंतर तीस ते पस्तीस दिवसांनी द्यावे. दुसरे मिळाल्यास पंचावन्न ते साठ दिवसांनी, फुलोऱ्याच्या सुमारास. मात्र जमिनीस मोठ्या भेगा पडल्यावर पाणी सोडू नये. ते भेगांतून मुळांशी साचते आणि झाडे मरतात.

मावा बांधावरच गाठावा

मावा हा करडईचा मुख्य शत्रू आहे. ढगाळ हवामान व थंडी पडली की काळ्या रंगाचे हे किडे शेंड्यावर व पानांखाली गोळा होऊन रस शोषतात. त्यांच्या चिकट स्रावावर काळी बुरशी वाढते आणि झाड करपल्यासारखे दिसते. मावा एकदम सर्व शेतात येत नाही. तो आधी बांधालगतच्या ओळींत दिसतो व तेथून आत सरकतो. म्हणून डिसेंबर व जानेवारीत दर आठवड्यास शेताला एक फेरी मारावी आणि मावा दिसताच कडेच्या पट्ट्यावर पाच टक्के निंबोळी अर्क फवारावा. प्रादुर्भाव वाढल्यासच शिफारस केलेले कीटकनाशक योग्य प्रमाणात वापरावे. ढालकिडे मावा खातात, त्यांची संख्या पुरेशी असेल तर थांबून पाहावे. फुलोऱ्यात मधमाशा येतात, तेव्हा फवारणी टाळावी. करावीच लागली तर सायंकाळी करावी.

काट्याचा प्रश्न

काट्यांविषयीची तक्रार खरी आहे. फेब्रुवारी-मार्चच्या उन्हात वाळलेली करडई कापणे हे कष्टाचे काम आहे, आणि त्यासाठी मजूर मिळत नाहीत ही शेतकऱ्याची सबब नव्हे, अडचण आहे. तिच्यावर तीन उपाय आहेत. पहिला जुनाच : पहाटे, हवेत ओलावा असताना काटे नरम असतात, तेव्हा हातमोजे घालून कापणी करावी. दुसरा यंत्राचा : गहू काढणाऱ्या कंबाईन हार्वेस्टरने करडईची कापणी व मळणी एकदमच होते. परंतु एका एकराकरिता यंत्र गावात येत नाही. शिवारातील आठ-दहा शेतकऱ्यांनी लगतच्या क्षेत्रात करडई घेतली तर ते येईल. तिसरा उपाय बिनकाटेरी वाणांचा : फलटणच्या निंबकर कृषि संशोधन संस्थेचा 'नारी-६' हा असा एक वाण आहे. बिनकाटेरी पिकाच्या सुक्या पाकळ्याही सहज वेचता येतात आणि त्यांना रंग व काढा यांसाठी मागणी असते. मात्र त्यास गुरांपासून राखण लागते. पूर्वी शाळूभोवती करडईचे तास घालीत, ते काट्यांचे कुंपण म्हणूनच, हे विसरू नये.

घाण्याचा हिशेब

करडईच्या बियांत साधारणपणे २८ ते ३० टक्के तेल असते. एकरी चार क्विंटल बी आले आणि घाण्यावर चतुर्थांश तेल उतरले असे धरले, तर शंभर किलो तेल हाती येते. ते एका कुटुंबाच्या वर्षाच्या गरजेहून अधिक आहे. शिवाय पेंड उरते. भारत आपल्या खाद्यतेलाच्या गरजेपैकी निम्म्याहून अधिक तेल बाहेरून आणतो, आणि सोलापूरच्या कोरडवाहू गावातील स्त्री आज पिशवीतील तेल विकत घेते. शासनाने २०२४-२५ च्या रब्बी पिकासाठी करडईची आधारभूत किंमत क्विंटलला ५,९४० रुपये जाहीर केली होती. परंतु गावोगावी खरेदीची सोय नसेल तर ती किंमत कागदावर राहते. म्हणून प्रारंभ घरच्या तेलापासून करणे शहाणपणाचे आहे. विक्रीचा भाव पडला तरी घरात आलेले तेल स्वस्त होत नाही.

कार्यकर्त्यांकडून अपेक्षा

सोलापूर येथे कोरडवाहू शेतीच्या संशोधनास १९३३ साली आरंभ झाला. करडईच्या अखिल भारतीय समन्वित संशोधनाचे कामही येथे चालत आले आहे, आणि १९८२ साली प्रसारित झालेला 'भीमा' हा वाण येथीलच संशोधनाचे फळ होय. इतके ज्ञान जवळ असताना पीक शिवारातून जावे, हे विस्ताराच्या कामातील उणेपण आहे. बियाण्याची पिशवी ऑक्टोबरच्या अखेरीस गावात पोहोचली, तर ती न पोहोचल्यासारखीच. प्रात्यक्षिक बागायतदाराच्या सडकेलगतच्या शेतात झाले, तर त्यातून कोरडवाहू शेतकऱ्यास काही शिकता येत नाही.

ग्रामस्तरावरील कार्यकर्त्याने ऑगस्टमध्येच खोल जमिनीचे व विहीर नसलेले पाच शेतकरी निवडावेत. प्रत्येकास अर्धा एकर करडई, किंवा सहा ओळी हरभरा व तीन ओळी करडई असे मिश्रपीक घेण्यास सांगावे. मग तीन वेळा स्वतः शेतावर जावे : पेरणीला, विरळणीला आणि मावा दिसू लागेल तेव्हा. या तीन भेटी चुकल्या तर बाकीची व्याख्याने फुकट आहेत.

सर्व जमिनीत करडई घ्यावी असे कोणी म्हणणार नाही. मर उद्भवलेल्या शेतात ती लागोपाठ घेऊच नये. परंतु ज्याच्याकडे पाणी नाही, त्याच्याजवळ पिके मोजकीच असतात, आणि त्यांतील एक गमावणे त्याला परवडत नाही. येत्या सप्टेंबरात पाभर जोडताना करडईचे बी चाड्यात आधी पडावे. विरळणीच्या दिवशी घरात करडईची भाजी शिजली, तर पिकाची निगा सुरू झाली असे समजावे.