पाण्याखालचे घड्याळ, कोरड्या मनगटावर

पाणबुड्यांसाठी बनवलेले घड्याळ हौसेने घेणाऱ्यांपैकी समुद्रात उतरणारे थोडेच. तरीही ही घड्याळे आणि जुन्या वैमानिकी घड्याळांच्या नव्या आवृत्त्या खपतात. हौसेला मोल नसते हे मान्य. पण पैसे कशाचे मोजतो आहोत, हे ग्राहकाला कळलेले बरे.

१९५३ मध्ये ब्लँपाँचे 'फिफ्टी फॅदम्स' आणि रोलेक्सचे 'सबमरिनर' घडले, तेव्हा प्रश्न जिवाचा होता. टाकीतली हवा किती पुरेल, याचा हिशेब मनगटावरच ठेवावा लागे. त्यासाठी तबकडीभोवतीचे फिरते कडे. पाण्यात शिरताना कड्यावरचा त्रिकोण मिनिटकाट्यासमोर आणायचा. मग काटा कड्यावर जो आकडा दाखवील, तितकी मिनिटे गेली. आजच्या बहुतेक पाणबुडी घड्याळांत हे कडे एकाच दिशेने, उलटेच फिरते. खडकाचा धक्का लागून ते सरकले, तर गेलेला वेळ जास्त दिसतो आणि माणूस लवकर वर येतो. चूक झालीच तर ती जिवावर बेतू नये, एवढा विचार त्या दातेरी कड्यात आहे.

वैमानिकांची गरज निराळी. ब्रिटिश हवाई दलासाठी १९४८ मध्ये आलेल्या आयडब्ल्यूसीच्या 'मार्क ११'मध्ये यंत्राभोवती मऊ लोखंडाचे आवरण होते. कॉकपिटमधल्या उपकरणांच्या चुंबकत्वाने वेळ चुकू नये म्हणून.

पुढे क्वार्ट्झ आणि डाइव्ह कॉम्प्युटर आले, आणि दिवसाला काही सेकंद मागेपुढे होणारे यांत्रिक घड्याळ कामातून गेले. उरली ती कारागिरी आणि आठवण. त्यांची किंमत घ्यायला हरकत नाही. पण कोऱ्या तबकडीवर मुद्दाम पिवळसर रंग देऊन तिला सत्तर वर्षांची भासवणे, हा वारसा नव्हे, नुसता मेकअप आहे.

आपल्याकडे फाव्र-ल्युबाचे उदाहरण बोलके आहे. मुंबईशी १८६५ पासून व्यापारी नाते असलेल्या या स्विस कंपनीने १९६८ मध्ये 'बॅथी' काढले; पाण्याची खोली ते काट्यावर दाखवी, तेही बॅटरीविना. हे नाव आता भारतीय मालकीचे आहे आणि २०२४ मध्ये ते पुन्हा बाजारात उतरले. दुसरीकडे, एचएमटी वॉचेस बंद करण्याचा निर्णय २०१६ मध्ये झाला आणि काळ्या तबकडीच्या 'पायलट'मागे लोक धावू लागले. त्याबरोबर रंगवलेल्या तबकड्या आणि इकडचेतिकडचे सुटे भाग जोडलेला मालही आला. जगभरचे संग्राहक अशा मालाला 'मुंबई स्पेशल' म्हणतात. शहराला भूषणावह नसलेले हे नाव आहे.

घेणाऱ्याने दोन गोष्टी पाहाव्यात. झाकणावर '३० मीटर' असेल तर ते हात धुण्यापुरते, पोहायलाही नको. खऱ्या डुबकीसाठी २०० मीटरचे आणि आटे असलेल्या चावीचेच घ्यावे. जुने घड्याळ असेल, तर रबरी गॅस्केट बदलून आणि दाबाची चाचणी करून घेतल्याशिवाय ते पावसातही घालू नये.