सायकलवरचे 'आम्ही'

प्रवासवर्णन या वाङ्मयप्रकाराविषयी जी गृहीतके वर्गावर्गांतून विनातपासणी फिरत असतात, त्यांत वेगाविषयीचे गृहीतक सर्वांत लाडके आहे. विमानातून देश दिसत नाही, आगगाडीतून तो धावता दिसतो, सायकलवरून खरा दिसतो आणि पायी चालणाऱ्याला तर आपले अंतःकरणच उघडून दाखवतो, अशी ही चढती भाजणी. नवरा-बायकोने मिळून सायकलवर केलेल्या दूरच्या प्रवासांची वर्णने अलीकडे आवडीने वाचली जातात, आणि त्यांचे कौतुकही याच भाजणीच्या आधारे होते. दोघेजण, दोन सायकली, मागे बांधलेले सामान, आडवळणाची गावे आणि चहा पाजणारी साधी माणसे. समीक्षकाने याहून वेगळे काही म्हणण्याची सोयच उरत नाही. ती सोय करावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

माझे म्हणणे थोडक्यात असे: वेगाचा आणि आकलनाचा जो कार्यकारणसंबंध आपण मानतो, त्याला पुरावा नाही. प्रवासी कशावरून गेला, यापेक्षा तो वाटेत कोणावाचून अडला, हा प्रश्न त्याच्या लेखनाबाबत अधिक निर्णायक आहे. जोडप्याच्या बाबतीत तर हा प्रश्न अधिकच तीव्र होतो. कारण जोडपे आपले घर बरोबर घेऊन फिरत असते.

पुरावा म्हणून आपल्याच भूमीवरचे एक प्रकरण घेऊ. फॅनी बुलक वर्कमन आणि विल्यम हंटर वर्कमन हे अमेरिकन दांपत्य. ती मॅसॅच्युसेट्सच्या माजी गव्हर्नरची मुलगी, तो डॉक्टर. पैशाची ददात नव्हती. अल्जीरिया आणि स्पेन सायकलवरून पाहून झाल्यावर, आणि त्यांवर पुस्तके लिहून झाल्यावर, नोव्हेंबर १८९७ मध्ये त्यांनी हिंदुस्थान, सिलोन, ब्रह्मदेश आणि जावा यांच्या प्रवासाला आरंभ केला. तेव्हा तिचे वय ३८ आणि त्याचे ५०. सुमारे अडीच वर्षे चाललेल्या या प्रवासात दोघांनी सायकलवरून जवळजवळ १४ हजार मैल काटले. त्यातून 'थ्रू टाऊन अँड जंगल' हा जाडजूड, सचित्र ग्रंथ १९०४ साली निघाला. शीर्षकातच गावे आहेत. मग गावातली माणसे किती आहेत?

फार थोडी. ग्रंथाचा भर प्राचीन वास्तूंवर आहे: देवळे, शिल्पे, शैली, कालनिर्णय. हे दांपत्य अडाणी पर्यटक नव्हते, हे आवर्जून सांगायला हवे. रामायण, महाभारत, जातककथा त्यांनी वाचल्या होत्या. त्या काळच्या पाश्चात्य प्रवाशांत एवढी तयारी करून येणारे विरळाच. पण या तयारीनेच त्यांची दृष्टी बांधून टाकली. ज्या लोकांनी महाकाव्ये रचली त्यांचा शोध त्यांना घ्यायचा होता. जे लोक रस्त्याच्या कडेला उभे होते ते त्या शोधात बसत नव्हते.

आता वेगाचा मुद्दा पाहा. कधीकधी एका दिवसात चाळीसपर्यंत पंक्चर काढावी लागत, इतके ते रस्ते आणि ते टायर वाईट होते. चाळीस पंक्चर म्हणजे चाळीस थांबे. याहून मंद प्रवास कोणता असणार? सायकल उलटी करून बसलेल्या गोऱ्या बाईभोवती त्या काळच्या गावात किती माणसे जमली असतील, याची कल्पना करायला फारशी प्रतिभा लागत नाही. वेगाचा सिद्धान्त खरा असता, तर या चाळीस थांब्यांनी एखाद्या समाजशास्त्रज्ञाला हेवा वाटावा असे पुस्तक लिहून घेतले असते. तसे झाले नाही. का झाले नाही, याचे उत्तर त्यांच्या सामानाच्या यादीत आहे. चहा, साखर, बिस्किटे, चीज, डबाबंद मांस, पाणी, उशा, प्रत्येकी एक कांबळे, लेखनसाहित्य, औषधे आणि पंक्चरची पेटी. शिवाय रसद मिळत राहावी म्हणून शक्यतो रेल्वेमार्गाच्या आसपासचीच वाट, आणि प्रसंगी स्टेशनच्या वेटिंग रूममध्ये मुक्काम. त्यांनी हाल सोसले, उपाशी राहिले, डासांनी आणि उंदरांनी त्यांना छळले. त्यांच्या चिकाटीविषयी शंका नाही. परंतु त्यांचा आधार रेल्वे हा होता, गाव हा नव्हता. ज्याच्यावाचून आपले अडत नाही, त्याच्याकडे निरखून पाहण्याची गरज भासत नाही.

याच विधानाची उलट बाजूही त्यांच्याच चरित्रात सापडते. मैदानी प्रदेश संपवून हे दोघे हिमालयात आणि काराकोरममध्ये गेले, तेव्हा सायकली मागे राहिल्या आणि सामान हमालांच्या पाठीवर गेले. तेथे त्यांचे हमालांशी वारंवार खटके उडाले, आणि हे हमाल त्यांच्या लेखनात मोठ्या तक्रारीच्या सुरात का होईना, पण आले. ते अडवतात, नकार देतात, परत फिरतात. सहानुभूती तेथेही नाही. पण माणूस आहे, कारण त्याच्यावाचून पुढचे पाऊल पडत नव्हते.

ज्या वर्षांत हा प्रवास झाला ती वर्षे मराठी वाचकाला निराळी सांगायला नकोत. प्लेग १८९६ मध्ये मुंबईत शिरला होता. २२ जून १८९७ रोजी पुण्यात रँडवर गोळी झाडली गेली. १८९६-९७ च्या दुष्काळातून देश सावरतो न सावरतो तोच १८९९-१९०० चा दुष्काळ आला. त्याच सुमारास पुण्यात राहून ह. ना. आपट्यांनी 'काळ तर मोठा कठीण आला' ही दुष्काळाची कथा लिहिली. वर्कमन दांपत्याने दुष्काळावरच ग्रंथ लिहायला हवा होता, असे माझे म्हणणे नाही. आपल्या आवडीचा विषय निवडण्याचा हक्क प्रत्येक लेखकाला आहे. पण मग त्या लेखनाला 'जमिनीच्या जवळ जाणारे' ठरवण्याचा हक्क समीक्षकाला राहत नाही. आपटे १४ हजार मैल हिंडले नव्हते.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो वजनदार आहे. फॅनी वर्कमनकडे केवळ प्रवासलेखिका म्हणून पाहणे अन्यायाचे नाही का? एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एका स्त्रीने सायकलवर मांड ठोकून देश ओलांडावेत, १९०६ साली बावीस हजार फुटांहून उंच शिखर चढावे, १९१२ साली सियाचेन परिसरातल्या हिमपठारावर स्त्रियांच्या मताधिकाराचा पुरस्कार करणारे वृत्तपत्र हातात धरून छायाचित्र काढून घ्यावे, ही लहान गोष्ट नव्हे. नव्हेच. अल्जीरियातील स्त्रियांच्या दुःस्थितीविषयीही तिने लिहिले आहे. तिच्या आयुष्याचे मोल मी कमी करत नाही. परंतु लेखिकेचे धाडस हा तिच्या गद्याचा गुण समजणे, ही आपल्या समीक्षेची जुनी खोड आहे. धाडस चरित्रात मोजावे. पुस्तकात, पुस्तकाने काय पाहिले ते मोजावे. ही दोन मापे एकाच तराजूत टाकली की प्रत्येक कष्टाळू प्रवासी थोर लेखक ठरतो.

आता जोडप्याच्या प्रश्नाकडे वळू. येथे मराठी भाषा आपल्याला एक हत्यार देते, जे इंग्रजीकडे नाही. इंग्रजीत प्रथमपुरुषी अनेकवचनाला एकच शब्द आहे. मराठीत 'आम्ही' आणि 'आपण' असे दोन आहेत. 'आम्ही' म्हणताना ऐकणारा बाहेर राहतो. 'आपण' म्हणताना तो आत येतो. जोडप्याचे प्रवासवर्णन मराठीत लिहायला बसा, म्हणजे पहिल्याच वाक्याला निवड करावी लागते, आणि ती निवड नेहमी 'आम्ही' अशीच होते. आम्ही पोचलो, आम्ही थकलो, आम्हाला चहा मिळाला. एकट्या प्रवाशाला संध्याकाळी बोलायला कोणी हवे असते, म्हणून तो पारावर जाऊन बसतो. दोघांची सोबत भरलेली असते. दिवसभराचे बोलणे राखून ठेवलेले असते, भांडणसुद्धा घरचेच असते. गावाने त्यांच्या संवादात शिरावे तरी कोठून? म्हणून अशा पुस्तकांत गावकऱ्याला हसू असते, पण वाक्य नसते. तो पाणी देतो, रस्ता दाखवतो, निरोपाला हात हलवतो आणि पान उलटते.

'आम्ही' आणखी एक गोष्ट झाकते: लिहिते कोण? एलिझाबेथ रॉबिन्स पेनेल आणि जोसेफ पेनेल या जोडप्याचे 'अ कँटरबरी पिल्ग्रिमेज' १८८५ चे. तीनचाकी टँडेमवरून केलेल्या प्रवासाचे. मजकूर तिचा, चित्रे त्याची. ही वाटणी तरी उघड आहे. पण तेथेही दोघे जातात ते चॉसरच्या यात्रेकरूंमागून, आणि १८८८ च्या पुढच्या एका पुस्तकात फ्रान्समध्ये जातात ते लॉरेन्स स्टर्नच्या मागून. वर्कमन रामायण शोधत आले, पेनेल चॉसर शोधत निघाले. गाव दोन्हीकडे एखाद्या पुस्तकाची तळटीप झाले. साहित्याच्या विद्यार्थ्यांनी आणि आपण शिक्षकांनी ही गोष्ट जरा मनावर घ्यावी. कारण वाचून जाण्याचा रोग मुख्यतः आपल्याच जातीला होतो.

मग जोडप्याने चांगले लिहिल्याचे उदाहरणच नाही का? आहे, आणि ते माझ्या म्हणण्याला पुष्टीच देते. बार्बरा आणि लॅरी सॅव्हेज १९७८ मध्ये कॅलिफोर्नियातून निघाले आणि दोन वर्षांत सायकलवरून पृथ्वीप्रदक्षिणा करून आले. बार्बराचे 'माइल्स फ्रॉम नोव्हेअर' १९८३ साली प्रसिद्ध झाले. ते हाती पडण्याआधीच सायकलच्या अपघातात तिचा अंत झाला होता. हे पुस्तक विद्वत्तेचे नाही. त्यात भूक आहे, भीती आहे, आजार आहे, आणि मुख्य म्हणजे नवऱ्याशी झालेले खटके आहेत. येथे 'आम्ही' फुटते. त्या फटीतून 'मी' बाहेर येते आणि परक्याच्या दारी जाते, त्याच्यावर चिडते, त्याच्या उपकाराखाली दबते. प्रत्येक परका समाज तिला समजला असे मी म्हणणार नाही. पण आपण दुसऱ्याच्या मेहेरबानीवर जगत आहोत हे तिला कळले होते, आणि तिच्या वाक्यांना ते कळलेले आहे.

आपल्या परंपरेत याचे मोठे उदाहरण विष्णुभट गोडसे यांच्या 'माझा प्रवास' चे. पुस्तक छापले गेले १९०७ साली. प्रवास १८५७ चा. चुलता-पुतणे दोघे द्रव्यार्जनासाठी वरसईहून उत्तरेकडे निघाले आणि बंडाच्या वावटळीत सापडले. हेही दोघांचे 'आम्ही' आहे. मग झांशीचा वेढा, लूट, उपासमार, वाड्यातल्या चालीरीती हे सारे इतके जिवंत का? पायी गेले म्हणून नव्हे. भिक्षुक होते म्हणून. दक्षिणा कोण देणार, जेवण कोठे मिळणार, रस्त्यात कोण लुटणार, हे जाणून घेतल्याखेरीज त्यांना दिवस काढता येत नव्हता. त्यांच्या दृष्टीची मर्यादाही याच नियमाने ठरते. ज्या घरी भटजीला पान वाढले जाई, ती घरे आतून दिसतात. ज्या घरी तो पाणी पिणार नव्हता, ती घरे दिसत नाहीत. वर्कमनची रेल्वे आणि गोडशांची पंगत, दोन्ही ठिकाणी आधाराची रेषा जेथे संपते तेथे दृष्टी संपते.

शेवटचा दाखला उलट दिशेचा. तमिळनाडूतल्या पुदुक्कोट्टै जिल्ह्यात १९९० च्या दशकाच्या आरंभी साक्षरता चळवळीचा भाग म्हणून हजारो ग्रामीण स्त्रिया सायकल शिकल्या. त्यावर पी. साईनाथ यांनी लिहिलेला लेख त्यांच्या १९९६ च्या पुस्तकात आहे. भारतीय खेड्यातल्या सायकलविषयी माझ्या वाचनातले हे सर्वांत चांगले लेखन, आणि ते सायकलस्वाराने लिहिलेले नाही. त्यात बाजाराला जाणारी, पाणी आणणारी, मुलाला पुढे बसवून नेणारी बाई आहे; सायकलने तिचा कोणता वेळ वाचला आणि कोणाचा टोमणा तिने ऐकला, हे तिने सांगितले आहे. दूरच्या जोडप्याची सायकल आणि या बाईची सायकल एकाच रस्त्याने जातात. पहिलीला रस्ता हे दृश्य आहे, दुसरीला ते काम आहे. आपल्या प्रवासवर्णनांत या दोन सायकली एकमेकींना क्वचितच भेटतात.

म्हणून वर्गात विचारायचे प्रश्न बदलायला हवेत. निसर्गवर्णन कसे आहे, लेखकाचे व्यक्तिमत्त्व कसे उमटले आहे, अशा ठरीव प्रश्नांची ठरीव उत्तरे विद्यार्थी वर्षानुवर्षे लिहीत आले आहेत. त्याऐवजी विचारावे: हा प्रवासी रात्री कोणाच्या छपराखाली झोपला आणि त्याचे मोल कोणी मोजले? तो कोठे अडला, आणि कोणी सोडवला? ज्याने सोडवले त्याला या पुस्तकात नाव आहे का, त्याच्या तोंडी एखादे वाक्य आहे का, आणि ते वाक्य लेखकाची स्तुती सोडून दुसरे काही सांगते का? या कसोटीला पुष्कळ गाजलेली पुस्तके उतरणार नाहीत. न उतरोत. ज्या विद्यार्थ्यांना आपण हा वाङ्मयप्रकार शिकवतो, त्यांतले कितीतरी अशाच गावांतून येतात, ज्यांच्यावरून ही पुस्तके हसऱ्या चेहऱ्यांची नोंद करून पुढे निघून गेली. आपले गाव कोणी पाहिले आणि कोणी नुसते ओलांडले, हे ओळखायला त्यांना शिकवणे, एवढे तरी आपल्याकडून व्हावे.