कळ पायात, मूळ कमरेत
आवणीला वाकलो की ढुंगणापासून पोटरीपर्यंत कळ. दोन वर्षं पायालाच तेल चोळलं; शीर दबलेली कमरेत! महिनाभर झोपून राहिलो, तेही फुकट. फिजिओथेरपिस्टने पालथं झोपून, कंबर सैल सोडून हातांवर छाती उचलायला शिकवलं. कळ पोटरीतून वर सरकली तर व्यायाम लागू पडतोय. खाली उतरली तर थांबायचं. पाऊल लुळं पडलं, लघवी अडली तर त्याच दिवशी हॉस्पिटल, मंडळी.

पण माझं मत असं, व्यायाम करून परत चिखलात वाकायचं म्हणजे फुटक्या बांधात पाणी. नेरळच्या चंद्रशेखर भडसावळेंच्या एसआरटीत गादीवाफ्यावर भात टोकतात. चिखलणी नाही, आवणी नाही. टोकायलाही वाकावं लागतं म्हणा, पण कोरड्यात. यंदा वीस गुंठे तसंच केलंय.