कांस्य : नाव आणि घटक

तामिळनाडूतील आदिच्चनल्लूर येथील प्राचीन दफनकुंभांसोबत कांस्याची पात्रे व अलंकार मिळाले. तेथील काही पात्रांत कथिलाचे प्रमाण २० टक्क्यांहून अधिक आढळले आहे. रसरत्नसमुच्चयातही कांस्यासाठी आठ भाग ताम्र व दोन भाग वंग सांगितले आहे. असा मिश्रधातू थंड स्थितीत ठिसूळ असतो. तो तप्त असतानाच घडवावा लागतो. त्या कारागिरांना प्रमाणाचे मोल ठाऊक होते.

आज मात्र मोडीतील भांडी केवळ ‘कांसे’ या नावावर भस्मासाठी घेतली जातात. त्यांत शिसे वा जस्त किती, हे न पाहता शोधन-मारण करणे आम्हांस अनुचित वाटते. शोधनाने पितळेचे कांस्य होत नाही. औषधनिर्मात्यांनी प्रत्येक खरेदीस धातुपरीक्षणाचा दाखला घ्यावा आणि वैद्यबंधूंनी भस्म घेताना तो मागावा, ही आमची आग्रहाची विनंती.