बारा केमो आणि बदलापूर लोकल

स्वादुपिंडाचा कर्करोग म्हटले की नाकात नळी घालून काम करणारे मनोहर पर्रीकर आठवतात. १७ मार्च २०१९ रोजी ते गेले आणि हे निदान म्हणजे शेवटच, हा समज घरोघरी पक्का झाला. बहुतेकांना हा आजार उशिरा कळतो, हे खरेच. निदान होते तेव्हा पाचांतल्या जेमतेम एकाची गाठ शस्त्रक्रियेने काढण्याजोगी असते. पण त्या पाचव्याला आज बरेच काही देता येते.

‘गाठ काढली, मग केमो कशाला?’ असे नातेवाईक हमखास विचारतात. गाठ निघाली तरी तिच्यातून सुटलेल्या पेशी शरीरात दडून राहिलेल्या असू शकतात, म्हणून. फ्रान्स आणि कॅनडातल्या ४९३ रुग्णांवरील अभ्यासाचे निष्कर्ष २०१८ साली आले. शस्त्रक्रियेनंतर चार औषधांची केमो घेणाऱ्यांचे मध्यमान आयुर्मान ५४.४ महिने निघाले. जेमसिटाबिन हे एकच औषध घेणाऱ्यांचे ३५ महिने. अर्थात, हे सारे शस्त्रक्रियेतून नीट सावरलेले रुग्ण होते. अनेकांना ती ताकदच उरत नाही. म्हणूनच केमो आधी द्यावी, हा विचार पुढे आला. गाठ रक्तवाहिनीला चिकटलेली असेल तर तो रास्तच आहे. मात्र सहज काढता येणाऱ्या गाठीत आधी केमो देऊन फायदा झाल्याचे नॉर्डिक देशांतल्या अभ्यासात दिसले नाही. त्याचे निष्कर्ष २०२४ मध्ये आले. तेव्हा डॉक्टरांनी ‘आधी केमो’ म्हटले म्हणजे चालढकल नव्हे, आणि ‘आधी ऑपरेशन’ म्हटले म्हणजे घाईही नव्हे. वेळ खरा वाया जातो तो न दुखणाऱ्या काविळीवर झाडपाला घेत बसण्यात.

शस्त्रक्रियेनंतरची ही केमो दर पंधरवड्याला एक, अशी बारा वेळा घ्यावी लागते. त्यातले एक औषध ४६ तास थेंबथेंब जाते. त्यासाठी छोटा पंप अंगाला लावून रुग्णाला घरी सोडतात आणि दोन दिवसांनी तो काढायला पुन्हा बोलावतात. म्हणजे चोवीस खेपा. बदलापूरहून परळचे टाटा रुग्णालय साठेक किलोमीटरवर. उल्हासनगर, अंबरनाथ त्याच्या थोडे अलीकडे. महात्मा फुले योजनेने औषधाचा भार हलका होईल, पण गर्दीच्या लोकलमध्ये छातीशी पंप धरून उभे राहण्याचा कसा होणार? सोबत येणाऱ्या मुलाची रोजी बुडते, ती वेगळीच.

पंप काढायला कर्करोगतज्ज्ञ लागत नाही, प्रशिक्षित परिचारिका पुरते. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात तीन वर्षांत सर्व जिल्हा रुग्णालयांत डे-केअर कर्करोग केंद्रे उभारण्याची घोषणा झाली. ठाण्यात असे केंद्र होईलही, पण या तिन्ही शहरांना जवळचे सरकारी रुग्णालय म्हणजे उल्हासनगरचे मध्यवर्ती. तिथे निदान पंप काढण्याची आणि रक्त तपासण्याची सोय राज्य सरकारने करावी. केमो चालू असताना ताप आला तर काही तासांत अँटिबायोटिक सुरू व्हावे लागते, आणि रात्री दोन वाजता परळला जाणारी लोकल नसते.